गाडीच्या मागे बारा फूट

बाबांना टॅक्सीत बसवायला चार माणसं लागायची. दोघं काखेखालून धरायचे, एक जण गुडघ्यांखाली हात घालायचा आणि चौथ्याने दार अडवून उभं राहायचं, कारण आमच्या घरासमोरचा रस्ता उताराचा आणि दार आपोआप मिटायचं. ही चौथी मी. बाकीचे तिघे म्हणजे माझा धाकटा भाऊ, शेजारचे काका आणि त्या वेळी रस्त्याने जो कोणी जात असेल तो. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तपासणीची तारीख असली की आदल्या संध्याकाळीच माणसं सांगून ठेवायची. परतताना मात्र पार्किंगमध्ये अनोळखी लोकांना हाक मारावी लागायची.

२०२२ च्या ऑक्टोबरात असंच परतताना बाबांचा डावा पाय दाराच्या खालच्या कडेला घासला. कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही, त्यामुळे त्यांना कळलं नाही, आम्हालाही नाही. घरी येऊन मोजा काढायला गेले तर तो घोट्याला रक्ताने चिकटलेला. ती जखम भरायला अडीच महिने गेले. बाबा मोजा हातात धरून बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, "माझ्याच गाडीत माझा पाय सोलला गो बाय."

गाडी खरोखरच त्यांची. आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टँडवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं टॅक्सी चालवली. २०२१ च्या मे महिन्यात पावसाआधी कौलं चाळायला छपरावर चढले आणि पडले. मणक्याला मार बसला. तेव्हापासून गाडी भाऊ चालवतो, परमिट बाबांच्याच नावावर आहे. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्याशी पुढे वाद झाले ती सगळी माणसं रोज बाजारात भेटतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांबद्दल माझ्या मनात राग नाही.

आमच्यासारख्या गावात व्हीलचेअरवरच्या माणसाने कुठे जायचं म्हटलं तर काय आहे? खासगी मिनीबसची पहिली पायरी गुडघ्याएवढी. कदंबच्या सरकारी बसला दार रुंद असतं, पण वर चढवणार कोण? मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकीची टॅक्सी, आपल्या गोव्याचा, गल्लीबोळात पोचणारा, पण मागे बसायला पायात बळ हवं. १०८ आणीबाणीसाठी, दाढ दुखते म्हणून ती बोलावता येत नाही. राहिली टॅक्सी, आणि टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर असला की घडी केलेली खुर्चीही मावत नाही. म्हणून माणसं घरी बसतात. बाबांनी एकदा आमच्या वाड्यावरची आणि शेजारच्या दोन वाड्यांवरची अशी माणसं बोटांवर मोजली, ती सात भरली. त्यांतल्या दोघांना आपण जन्मात पाहिलेलं नाही, असं भावाच्या लक्षात आलं.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला. बाबा हट्टाने गेले. तिथे इतकी माणसं व्हीलचेअरवरून स्वतःच्या मनाने इकडून तिकडे फिरताना त्यांनी पहिल्यांदा बघितली. येताना मांडवीच्या पुलावर ते म्हणाले, "ही गाडी आता काढू. तिच्या जागी रॅम्पची घेऊ. आणि ती टॅक्सीच ठेवायची."

टॅक्सीच ठेवायची, हा मुद्दा त्यांनी कधीच सोडला नाही. फक्त घरच्या वापरासाठी वेगळी गाडी पोसण्याची आमची ऐपत नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण ती सात माणसं.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे, कागदांची मला भीती वाटत नाही. तरी पहिलं काम कागदाचं नव्हतं, शिंप्याच्या टेपचं होतं. अंगणात बाबांना खुर्चीत ताठ बसवलं आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत माप घेतलं: १३१ सेंटीमीटर. खुर्चीची रुंदी हातरिंगांसकट ६६. पाय ठेवायच्या पट्टीपासून मागच्या चाकापर्यंत लांबी ११० च्या आसपास. ती मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून भाऊ आणि मी तीन महिने सेकंडहँड गाड्या बघत फिरलो. बहुतेक व्हॅनचं मागचं दार १२० च्या आतबाहेर उघडायचं, म्हणजे बाबांना मान वाकवून आत जावं लागणार. शेवटी उंच छपराची एक मिळाली. तिचा फ्लोअर जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर होता.

रॅम्पचा हिशोब इथेच करायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं. इमारतींसाठी उताराचं माप १ ला १२ असं धरतात. त्या मापाने ५५ सेंटीमीटर चढायला साडेसहा मीटरचा रॅम्प लागेल, म्हणजे गाडीपेक्षा लांब. गाडीसाठी जास्त चढ चालवून घ्यावा लागतो, पण मग मागून ढकलणारा माणूस हवाच. आम्ही १ ला ४ धरलं. रॅम्प झाला दोन मीटर वीस, सव्वासात फूट. त्याच्या टोकाला खुर्ची वळवायला आणखी पाच फूट. म्हणजे गाडीच्या मागे बारा फूट मोकळी जागा. हा आकडा पुढे मी इतक्या वेळा उच्चारला की भाऊ मला हाकच "बारा फूट" म्हणून मारायला लागला.

वाहतूक खात्याच्या कार्यालयात पहिल्या टेबलावर प्रश्न आला तो कायद्यातल्या दोन शब्दांचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८३: परमिटधारकाला परवानगी घेऊन परमिटवरची गाडी बदलता येते, पण नवी गाडी 'त्याच प्रकारची' हवी. बाबांची सेडान होती, १+४, म्हणजे चालक आणि चार प्रवासी. आमची व्हॅन, तीही सीट काढून रॅम्प बसवलेली, 'त्याच प्रकारची' कशी? टेबलावरचे गृहस्थ सरळ होते. ते म्हणाले, "मी हो म्हटलं आणि उद्या कोणी विचारलं, तर मी काय दाखवू?" त्यांचं म्हणणं मला पटलं. अशी गाडी त्यांच्यासमोर आधी कधी आलेली नव्हती. फॉर्मवर रकाना नाही, मागे ठराव नाही, कुणाची जुनी फाइल नाही.

दुसरा अडसर कलम ५२ चा. गाडी बनवणाऱ्याने जसा नमुना ठरवला आहे त्यात मालकाला आपल्या मनाने फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडक करून सांगितलं, त्यामुळे वेल्डिंगचं नाव काढलं की कार्यालयात सगळे सावध होतात. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाची, 'अ‍ॅडाप्टेड व्हेइकल'ची, व्याख्या आणली. मला आनंद झाला. मग व्याख्या पूर्ण वाचली. असं वाहन फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचं. टॅक्सीत तर सकाळी बाबा बसतील, दुपारी कुणी बाजारकरीण आपल्या टोपल्या घेऊन बसेल. 'फक्त' हा शब्द आम्हाला बाहेर ठेवत होता.

मी तीन रात्री बसून अर्ज लिहिला. त्यात दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ घातलं. वाहतुकीच्या सगळ्या साधनांपर्यंत दिव्यांगांना पोचता यावं यासाठी सरकारने पावलं उचलायची, जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि सुरक्षित असेल तिथे जुनी वाहनंही बदलून घ्यायची, असं त्यात आहे. मी लिहिलं की आम्ही चेसिसला, इंजिनाला, बॉडीच्या खांबांना हात लावत नाही. मागची सीट काढतो, रॅम्प आणि खुर्ची बांधायचे पट्टे बोल्टने बसवतो. आणि हे वाहन एका व्यक्तीसाठी बदललेलं नाही, ते भाड्याची टॅक्सीच राहणार आहे, म्हणून त्याचा विचार परमिटच्या अंगाने व्हावा. एक प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवली. इनवर्डचा शिक्का घेतलेली आमची प्रत मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि बाबांनी ती देवघराच्या कोनाड्यात ठेवायला लावली.

जून ते ऑक्टोबर काही झालं नाही. पाच महिन्यांत अकरा फेऱ्या. फाइल वर गेली आहे, फाइल खाली आली आहे, साहेब ट्रेनिंगला आहेत. त्या दिवसांवर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. सरकारी कार्यालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. बाबांना मात्र ती पायरी चढताच येत नव्हती. चारच पायऱ्या होत्या. परमिटधारकाची सही समोर हवी म्हणाले तेव्हा आम्ही त्यांना गाडीतच बसवून ठेवलं आणि एक क्लार्क बाई रजिस्टर घेऊन उन्हात खाली आल्या. सही झाल्यावर त्यांनी गाडीच्या आत वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यांना रोज असंच आणता?" पुढच्या आठवड्यात फाइल हलली. त्या बाईंनी काही केलं की नाही मला माहीत नाही, पण मी मनोमन त्यांचे आभार मानले.

परवानगी आली ती सीटच्या प्रश्नासकट. खुर्चीची जागा सीट धरायची की नाही? हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण अशी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाने इथेच थांबून विचार करावा. आरसीवर जेवढ्या सीट, तेवढ्याच प्रवाशांची जबाबदारी विमा घेतो. खुर्चीची जागा सीट धरली नाही, तर अपघातात गाडीतल्या सगळ्यांना भरपाई मिळेल आणि ज्याच्यासाठी गाडी काढली तोच उघडा पडेल. सीट धरली, तर तपासणीत विचारणार: सीट कुठे आहे? बोल्ट कुठे आहेत? कॉम्प्युटरमध्ये एकच आकडा भरता येतो, 'खुर्चीची जागा' असं लिहायला तिथे जागा नाही. दोन महिने ह्यात गेले. शेवटी खुर्ची धरून आकडा भरायचा आणि शेऱ्यात तपशील लिहायचा असं ठरलं. विमा कंपनीला मी तोच शेरा पॉलिसीवर छापून द्यायला लावला. एजंट म्हणत होता, "कशाला एवढं, चालून जातं." मी म्हटलं, चालून जाणाऱ्यांसाठी नाही ही गाडी.

काम पुण्याहून पट्टे मागवून इथल्याच फॅब्रिकेटरकडे केलं. कायद्याप्रमाणे फेरफार झाल्यावर चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. ते पत्र माझ्याच पतसंस्थेचं, त्यामुळे सोपं गेलं.

गाडीच्या फिटनेस तपासणीचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. फेब्रुवारी २०२४, सकाळचे साडेदहा, मैदानात ट्रकांची रांग. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. मग मागे आले. भावाने रॅम्प उघडला. साहेबांनी त्याच्यावर स्वतः चढून दोनदा पाय आपटला. म्हणाले, "खुर्ची आणली आहे ना? मी बसतो."

आम्ही घरची जादा खुर्ची नेली होती. साहेब बसले. भावाने मागून ढकलून त्यांना आत घेतलं, तोंड पुढे. खुर्ची आडवी कधीच ठेवायची नाही; ब्रेक लागला की ती बाजूला कलंडते. चार पट्टे, दोन पुढून, दोन मागून, खुर्चीच्या वेल्ड केलेल्या सांगाड्याला. पट्ट्याचा हूक चाकाला किंवा खुर्चीच्या निघणाऱ्या हाताला अडकवायचा नाही, कारण ते निखळून येतात. पट्ट्यांवर आयएसओ १०५४२ चं लेबल आहे, ते साहेबांनी मोबाइलची बॅटरी लावून वाचलं. मग माणसाचा पट्टा वेगळा, खांद्यावरून आणि ओटीपोटावरून, गाडीला अडकवलेला. खुर्चीला जो छोटा पट्टा असतो तो माणूस घसरू नये म्हणून असतो, धडकेत त्याचा उपयोग नाही. हे भाऊ त्यांना सांगत होता आणि सांगताना त्याचा आवाज थोडा कापत होता.

"चालव," साहेब म्हणाले. "आणि मी सांगितल्यावर ब्रेक मार."

भावाने मैदानात गाडी तीसपर्यंत नेली. मी बाहेर उभी. ब्रेकचा आवाज आला, धूळ उडाली. आतून साहेबांचा आवाज, "परत." दुसऱ्यांदा पुन्हा तसंच. उतरल्यावर त्यांनी खुर्चीच्या चाकांखाली खडूने मारलेली रेघ बघितली. चाक दोन बोटंही सरकलं नव्हतं. त्यांनी शर्ट झटकला आणि मला विचारलं, "तुमचे वडील कुठे आहेत?" मी म्हटलं, घरी. "त्यांना घेऊन यायचं ना." इतकंच. सही करून ते पुढच्या ट्रककडे गेले.

मला वाटलं, झालं. काळी-पिवळी रंगवली, पिवळी पाटी लावली, नारळ फोडला. आणि पहिल्याच दिवशी स्टँडवर लक्षात आलं की रॅम्प उघडताच येत नाही.

आमच्या स्टँडवर तेवीस गाड्या. वडाखाली एकामागे एक लागतात, बंपरला बंपर. मागच्या गाडीत आणि आपल्या गाडीत हातभर अंतर. इतके महिने प्रत्येक टेबलाने गाडीबद्दल विचारलं होतं. तिचा रॅम्प गावात उघडणार कुठे, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा बारा फूट बारा फूट म्हणत राहिले आणि ते बारा फूट नक्की कुठे आहेत हे स्टँडवर जाऊन मोजलं नाही. ती चूक माझी.

थांबे आणि स्टँड ठरवण्याची तरतूद त्याच कायद्याच्या ११७ व्या कलमात आहे, आणि त्यात स्थानिक संस्थेचं मत घ्यावं लागतं. म्हणजे पालिका. रांगेची शेवटची जागा कायमची ह्या गाडीला द्यावी, तिच्या मागे बारा फूट रस्त्यावर रंगाचे पट्टे मारून मोकळे ठेवावेत, गटारावरच्या दोन फुटक्या लाद्या बदलाव्यात, असा अर्ज मी केला. ती शेवटची जागा संध्याकाळी रॉस ऑम्लेटच्या गाड्याची. मी आधी त्या गाडेवाल्या भावाकडे गेले, मग पालिकेत. त्याला लपवून ठराव करून घेतला असता तर तो आयुष्यभर माझ्याकडे वाकड्या नजरेने बघत राहिला असता, आणि ते बरोबरच झालं असतं. त्याने पाव कापता कापता ऐकून घेतलं, गाडा किती सरकवायचा ते विचारलं. सहा फूट. त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "नळ तिकडे जवळ पडतो." झालं त्यांचं.

पालिकेत ते इतकं सोपं नव्हतं. एका नगरसेवकांनी विचारलं, एका गाडीसाठी तीन गाड्यांची जागा द्यायची का? दुसऱ्यांनी बाजाराच्या दिवशी ती जागा विक्रेत्यांना सोडावी अशी अट सुचवली. मी प्रेक्षकांत बसले होते, मला बोलायचा हक्क नव्हता. मध्यंतरात मी त्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, बाजाराच्या दिवशीच माणसं गावात येतात. पेन्शनचं काम त्या दिवशी, डॉक्टर त्या दिवशी, बँक त्या दिवशी. व्हीलचेअरवरच्या बाईला बाजार नको का? ते काही बोलले नाहीत, पण ठरावात ती अट आली नाही. सहा महिन्यांच्या चाचणीची अट आली. ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या आधी, पट्टे मारले.

ह्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीचा इंग्लंडातल्या स्विंडनहून फोन आला. ती तिथे वृद्धाश्रमात काम करते. मी तिला रडगाणं सांगितलं तर ती म्हणाली, इथेही टॅक्सीचं सगळं काउन्सिलच ठरवतं. मग मी वाचून काढलं. तिथे २०१० च्या समानता कायद्यात व्हीलचेअर नेणाऱ्या टॅक्सींच्या यादीची तरतूद आहे. २०१७ पासून नगरपालिकांना अशी यादी करता आली आणि २०२२ पासून ती ठेवणं सक्तीचं झालं. यादीतल्या गाडीच्या चालकाने खुर्चीवरचा प्रवासी नाकारायचा नाही, त्याला चढा-उतरायला मदत करायची आणि त्याबद्दल जादा पैसे घ्यायचे नाहीत. कित्येक ठिकाणी टॅक्सीची नवी पाटी हवी असेल तर अशीच गाडी आणावी लागते, असं तिथली नगरपालिका ठरवते. लंडनच्या काळ्या टॅक्सीत तर २००० सालापासून व्हीलचेअर आत नेण्याची सोय सक्तीची. मी हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं: जादा पैसे घ्यायचे नाहीत.

कारण स्टँडवर तोच वाद पेटला होता, आणि त्याच्या आधी नंबरचा.

नंबर म्हणजे स्टँडचा प्राण. वडाला दोरीने वही बांधलेली असते, सकाळी जो आधी येईल त्याचं नाव वर. गिऱ्हाईक आलं की पहिल्या नंबराचं. जो नंबर मोडेल त्याला एक दिवस बाहेर. बाबा सहा वर्षं स्टँडचे सेक्रेटरी होते; त्यांनी स्वतःच्या मावसभावालाही असं बाहेर बसवलं होतं. आता व्हीलचेअरवरचं गिऱ्हाईक आलं तर ते पहिल्या नंबराला सोडून आमच्या गाडीला जाणार. तेही बरोबर नातेवाईक, सामान, म्हणजे मोठं भाडं. एक काका उघड म्हणाले, "भाई, तू नंबर मोडणाऱ्याला कधी सोडलंस? मग आता तुझ्या घरची गाडी नंबर मोडणार, ते कसं?"

रविवारी दुपारी वडाखाली बैठक झाली. बाबांना आम्ही गाडीतून नेलं, रॅम्प उघडला, त्यांना खाली उतरवलं. साडेतीन वर्षांनी ते स्टँडवर आले होते. कुणीतरी चहा आणला. बाबा म्हणाले, त्याचा प्रश्न बरोबर आहे. मग त्यांनी खिशातून कागद काढला. जागा शेवटची आणि नंबर वहीतला, ह्या दोन गोष्टी वेगळ्या; गाडी उभी शेवटी असली तरी तिचा नंबर सकाळी लागेल तोच. खुर्चीचं गिऱ्हाईक आलं तर नंबर न बघता ही गाडी जाईल, पण ती फेरी तिच्या नंबराची धरायची. परत आल्यावर नाव सगळ्यांच्या खाली, आणि पुढे एकदा तिचा नंबर आला की तो सोडून द्यायचा. म्हणजे मधूनच भाडं मिळाल्याचा फायदा फिटून जातो.

भावाचा चेहरा पडला. त्याला हे आधी सांगितलं नव्हतं. मलाही ते पूर्ण पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. चढवणं, पट्टे आवळणं, उतरवणं ह्यात प्रत्येक फेरीला वीसेक मिनिटं जास्त जातात, त्यात एक नंबरही गमवायचा. पण तेवीस माणसांनी त्या दिवशी मान हलवली ती ह्याच कलमावर.

मग भाडं. दोघा-तिघांचं म्हणणं होतं की चढ-उताराच्या वेळेचं वेटिंग लावावं, तो चालकाचा घामच आहे. बाबा म्हणाले, "नाही. रॅम्प बंद झाला की वेळ सुरू. पोचल्यावर रॅम्प उघडायच्या आधी वेळ बंद. माझे पाय चालत नाहीत ह्याचे पैसे मी देणार नाही आणि दुसऱ्याकडून घेणारही नाही." कुणी वाद घातला नाही. हे वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून सगळ्यांनी खाली सह्या केल्या. त्या वीस मिनिटांची भरपाई चालकाला कुठून तरी मिळायला हवी, आणि ती प्रवाशाच्या खिशातून नको. रस्ता करात सवलत मागणारा आमचा अर्ज अजून पडून आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग नियमांतला पंधरावा नियम रद्द ठरवला. सुगम्यतेची मानकं त्या नियमाने नुसती शिफारशीसारखी ठेवली होती, ती सक्तीची हवीत, असं न्यायालयाने म्हटलं आणि केंद्राला तीन महिन्यांत नवे नियम करायला सांगितलं. ते कात्रण मी फोल्डरमध्ये घातलं आहे. पुढच्या वेळी टेबलावर कुणी "मी काय दाखवू?" म्हणालं तर ते दाखवीन.

गाडी चालते आहे. पावसाळ्यात रॅम्पवर लाल चिखल बसून तो निसरडा व्हायचा, म्हणून भावाने त्यावर रबरी पट्ट्या चिकटवल्या. बाबांच्या सात माणसांतली पाच आतापर्यंत बसली. त्यांतला एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, पहाटे साडेपाचला. त्याच्या आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "रोज येणार ना तुम्ही?" भाऊ हो म्हणाला.

गेल्या महिन्यात रॅम्पची बिजागरी तुटली आणि गाडी चार दिवस गॅरेजमध्ये गेली. त्या चार दिवसांत त्या मुलाच्या दोन पाळ्या होत्या. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी त्याला उचलून दुसऱ्या टॅक्सीत घातलं. दुसऱ्या वेळी त्याच्या हाताला, जिथे सुई टोचतात त्या बाजूला, खरचटलं. भाऊ संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसून आला आणि घरी येऊन जेवला नाही.

फिटनेसला वर्षाआड का होईना गाडी जाणारच, टायर फुटणारच. गावात अशी एकच गाडी असून भागत नाही. ह्या सोमवारी आम्ही दोन अर्ज दिले. एक पालिकेला, चाचणीचे सहा महिने केव्हाच संपले, जागा आता कायम करावी आणि पावसाने पुसलेले पट्टे परत मारावेत. दुसरा वाहतूक खात्याला, की तालुक्यात पुढचं जे टॅक्सी परमिट निघेल किंवा जी गाडी बदलली जाईल, त्यातली किमान एक रॅम्पची असावी, आणि तिची सीट कशी मोजायची हे आमच्या फाइलमधून घ्यावं. फाइलचा नंबर मी वर ठळक अक्षरांत लिहिला आहे. ह्या वेळी बाबांना खुर्चीसकट रॅम्पवरून उतरवून पायऱ्यांपाशी नेलं होतं, आणि इनवर्डचा शिक्का त्याच क्लार्क बाईंनी खाली येऊन मारला.